भंगारातून जन्मली डोंगरउताराची सायकल

सायकल हे कष्टकरी माणसाचे वाहन. गिरणीची पाळी हिने गाठून दिली, दुधाच्या किटल्या हिने वाहिल्या, पोस्टाची थैली हिने दारोदार नेली. आपल्यापैकी कितीतरी जण वडिलांच्या सायकलच्या दांड्यावर बसून शाळेत गेले असतील. आज त्याच घरांतली तरुण मुले एका वेगळ्याच सायकलीविषयी बोलू लागली आहेत. डोंगराच्या माथ्यावरून दगडधोंड्यांतून, खाचखळग्यांतून सुसाट खाली येणारी ही सायकल. तिला 'डाउनहिल' म्हणतात. चांगल्या बनावटीच्या नव्या डाउनहिल सायकलची किंमत काही लाखांच्या घरात जाते. ती ऐकून आईबापांचे डोळे पांढरे होतात. मग घरात दोनच सूर निघतात. एक, "हे आपल्यासारख्यांचे काम नव्हे." दुसरा, "हप्त्याने घेऊन टाकू." आमच्या मते हे दोन्ही सूर अपुऱ्या माहितीतून निघतात. या सायकलचा जन्म कसा झाला, तिची पोलादी फ्रेम कशी घडली आणि ती कशी पारखावी, हे एकदा समजले की मुलाशी बोलणे सोपे होते आणि घामाचा पैसाही वाचतो.

मरिनचे डोंगर आणि जुन्या सायकली

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात सॅन फ्रान्सिस्को शहराच्या उत्तरेला मरिन नावाचा परगणा आहे. तेथे टॅमलपायस नावाचा डोंगर आहे. वणवा लागला तर आगीचे बंब वर जावेत म्हणून या भागातील डोंगरांवर मातीचे रस्ते काढलेले आहेत. १९७० नंतरच्या काही वर्षांत तेथील तरुण पोरांना या रस्त्यांवरून सायकलने खाली येण्याचा नाद लागला. त्यांतले काही जण एरवी डांबरी रस्त्यावर शर्यती खेळणारे होते. पण शर्यतीच्या नाजूक सायकली मातीत आणि दगडांत टिकत नसत.

म्हणून त्यांनी जुन्या सायकली हुडकल्या. श्विन या अमेरिकन कंपनीने १९३३ साली फुगीर टायरच्या सायकली बाजारात आणल्या होत्या. पेपर टाकणारी पोरे, शाळकरी मुले त्या वापरीत. चाळीस वर्षांनंतर त्या लोकांच्या गोठ्यांत, तळघरांत आणि भंगारवाल्यांकडे गंजत पडल्या होत्या. अगदी थोड्या डॉलरांत त्या मिळत. एक्सेल्सियर नावाचे त्यातले मॉडेल या पोरांच्या विशेष आवडीचे होते, कारण उतारावर ते भरकटत नसे. मडगार्ड, कॅरिअर, स्टँड असे सगळे काढून टाकून फक्त हाडे शिल्लक ठेवायची आणि सायकल डोंगरावर न्यायची. तरीही तिचे वजन वीस किलोच्या आसपास भरे. चढताना बहुतेक वेळा ती ढकलावी लागे, नाहीतर मालमोटारीत टाकून वर न्यावी लागे.

आपल्याकडच्या काळ्या सायकलचे आणि हिचे नाते वाचकांच्या लक्षात आलेच असेल. दोघीही साध्या पोलादाच्या, दोघीही जड, दोघीही कामासाठी बनलेल्या. खेळाच्या सामानाच्या दुकानात या खेळाचा जन्म झालेला नाही.

ग्रीसचा धूर

फेअरफॅक्स गावाजवळ डोंगरावरून उतरणारा असाच एक आगीचा रस्ता होता. सुमारे दोन मैलांत तो तेराशे फूट खाली येई. म्हणजे दर शंभर फुटांना बारा ते चौदा फूट उतार. आपल्या घाटातला मोटारीचा रस्ता साधारणतः याच्या निम्मा उतरतो, एवढे सांगितले म्हणजे पुरे. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी या रस्त्यावर पहिली शर्यत झाली आणि ती ॲलन बाँड्स याने जिंकली. सगळ्यांना एकदम न सोडता एकेकाला ठराविक अंतराने सोडायचे आणि घड्याळ लावून वेळ मोजायचा, अशी पद्धत होती. शर्यती भरवणे, नोंदी ठेवणे हे काम चार्ली केली हा तरुण करी.

या जुन्या सायकलींना हाताचा ब्रेक नव्हता. पायडल उलटे दाबले की मागच्या चाकाच्या हबमधला ब्रेक लागे. एवढ्या उतारावर सतत उलटे दाबून हब इतका तापे की आतले ग्रीस जळून धूर निघे. खाली पोहोचल्यावर हब खोलायचा, पुसायचा आणि पुन्हा ग्रीस भरायचे. 'पुन्हा भरणे' याला इंग्रजीत रिपॅक म्हणतात. म्हणून त्या रस्त्याचे नावच 'रिपॅक' पडले. १९७६ ते १९८४ या काळात तेथे अशा २४ शर्यती झाल्या. गॅरी फिशर याची ४ मिनिटे २२ सेकंद ही तेथली सर्वांत कमी वेळ. त्याच्या मागे दोनच सेकंदांनी जो ब्रीझ. म्हणजे ताशी चाळीस किलोमीटरहून अधिक वेग, आणि तोही मातीत, वळणांवर, भंगारातल्या सायकलवर! अंगात जीनची पँट, पायात कामाचे बूट, हातात मोजे, एवढेच संरक्षण.

या पोरांत वेंडी क्रॅग नावाची एक तरुणीही होती. ती रिपॅकवर उतरत असे आणि छायाचित्रेही काढत असे. त्या काळाचे जे चित्र आज जगाला दिसते, त्यातला मोठा भाग तिच्या कॅमेऱ्यातून आलेला आहे. मुलींना सायकल देताना मागेपुढे पाहणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

मोडले म्हणून शिकले

जुन्या सायकली डोंगराचा मार किती दिवस सोसणार? चिमटे वाकत, फ्रेमचे सांधे फाटत. एक मोडली की दुसरी शोधायची. हळूहळू भंगारातही चांगल्या फ्रेम मिळेनाशा झाल्या. ब्रेक आणि गिअर बदलून काही काळ भागले. मोटारसायकलचे ब्रेकचे दांडे लावले, मागे गिअर बसवले. पण ज्या फ्रेमवर हे सगळे लावायचे ती फ्रेमच जुनी होती.

१९७७ साली चार्ली केलीने जो ब्रीझला सांगितले, मला या कामासाठी नवी फ्रेम करून दे. ब्रीझने १९७४ साली अल्बर्ट आयझेनट्राउट या कारागिराकडे फ्रेम बांधण्याचे शिक्षण घेतले होते. त्याने जुनी एक्सेल्सियर टाकून दिली नाही. तिची मापे घेतली. हँडलच्या नळीचा कल, दोन चाकांमधले अंतर, ज्यामुळे ती उतारावर स्थिर राही, ते त्याने कायम ठेवले. बदलले ते पोलाद. साध्या लोखंडाऐवजी त्याने विमानांच्या सांगाड्यात वापरले जाणारे क्रोमोली पोलाद घेतले. शिवाय हँडलच्या नळीपासून मागच्या चाकापर्यंत दोन्ही बाजूंनी एकेक जादा नळी तिरकी नेली, म्हणजे फ्रेमला पीळ पडू नये. अशा दहा सायकली त्याने बांधल्या आणि त्यांना 'ब्रीझर' नाव पडले. पहिल्या ब्रीझरचे वजन सुमारे १७ किलो होते. ती आज अमेरिकेच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात ठेवलेली आहे.

पुढचा इतिहास थोडक्यात असा. १९७९ साली फिशर आणि केली यांनी टॉम रिची या कारागिराने बांधलेल्या फ्रेम घेऊन धंदा सुरू केला. १९८१ साली स्पेशलाइज्ड कंपनीने जपानमध्ये बनवून घेतलेली स्टंपजंपर बाजारात आणली. तीही पोलादीच. १९९० साली कोलोरॅडोतील डुरँगो येथे जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि तीत डोंगरउताराची शर्यत होती. त्यानंतर मोठ्या कंपन्या ॲल्युमिनियमकडे आणि मग कार्बनच्या धाग्यांकडे वळल्या. पण पोलाद संपले नाही. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन मशीन वर्क्सने पोलादी नळ्यांच्या दणकट डाउनहिल सायकली बांधल्या. इंग्लंडातील ब्रिस्टल येथील स्टारलिंग हा छोटा कारखाना पोलादी फ्रेमसाठीच ओळखला जातो.

पोलादच का?

येथे थोडे धातूचे शास्त्र समजून घेतले पाहिजे. क्रोमोली म्हणजे लोखंडात साधारण एक टक्का क्रोमियम आणि टक्क्याच्या पाचव्या हिश्शाएवढे मॉलिब्डेनम घातलेले पोलाद. साधे पोलाद आणि क्रोमोली यांचा ताठपणा जवळपास सारखाच असतो. फरक असतो तो किती जोर बसेपर्यंत नळी वाकून पुन्हा सरळ होईल यात. क्रोमोली अधिक जोर सोसते, म्हणून नळी पातळ करता येते आणि वजन उतरते.

ॲल्युमिनियम पोलादाच्या एक तृतीयांश वजनाचे, पण ताठपणाही एक तृतीयांशच. म्हणून ॲल्युमिनियमच्या फ्रेमच्या नळ्या जाड, फुगीर दिसतात आणि पोलादाच्या सडपातळ. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. धातूला वारंवार झटके बसले की तो थकतो. पोलादाला एक मर्यादा असते. त्या मर्यादेच्या आतले झटके ते जवळजवळ अमर्याद काळ सोसते. ॲल्युमिनियमला अशी ठाम मर्यादा नसते, लहान झटकेही त्याच्या हिशेबात जमा होत जातात. अर्थात ॲल्युमिनियमच्या फ्रेम वाईट असतात असे नव्हे. हा हिशेब धरूनच त्या बांधलेल्या असतात. आणि पोलाद अमर आहे असेही नव्हे. मर्यादेबाहेरचा दणका बसला, पोचा पडला, गंज लागला, की तेथूनच चीर सुरू होते.

पातळ नळीची एक अडचण जुनी आहे. सांध्यापाशी ती लवकर तुटते. इंग्लंडातील बर्मिंगहॅम येथे रेनॉल्ड्स नावाचे खिळे बनवणारे घराणे होते. त्यांनी १८९७ साली अशा नळीचे पेटंट घेतले की जी टोकांना जाड आणि मध्ये पातळ, पण बाहेरून मात्र सारखीच दिसे. जेथे जोर तेथे धातू, जेथे जोर नाही तेथे बचत! आजच्या चांगल्या पोलादी फ्रेममध्येही हीच युक्ती आहे. काही नळ्या तर मध्यभागी एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतात.

एका फिटरची पारख

आमच्या वस्तीतील एका तरुणाने शिल्लक साठवून परदेशी बनावटीची एक जुनी पोलादी डाउनहिल फ्रेम विकत घ्यायचे ठरवले. विकणाऱ्याने दोन दिवस पाहायला म्हणून ती घरी नेऊ दिली होती. रंग नवा कोरा, स्टिकर झळझळीत. मुलाचे वडील वर्कशॉपमधून निवृत्त झालेले फिटर. त्यांनी स्टिकरकडे पाहिलेही नाही. फ्रेम उलटी केली आणि हँडलच्या नळीच्या मागे, खालच्या तिरक्या नळीच्या पोटावरून नख फिरवले.

"पप्पा, नवीच दिसते ना?" मुलगा म्हणाला.

"रंग नवा आहे रे. लोखंडाचं अजून बघायचंय," ते म्हणाले.

त्यांनी तेवढ्या जागेचा रंग पॉलिश पेपरने उतरवला, त्यावर रॉकेलचा बोळा फिरवला, थोडा वेळ थांबून कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसले आणि वरून खडूची पूड चोळली. पाच-दहा मिनिटांत पांढऱ्या पुडीवर केसासारखी एक ओली रेघ उमटली. चिरेत शिरलेले रॉकेल खडूने बाहेर ओढले होते. फ्रेम परत गेली. मुलाचे पैसे वाचले, आणि त्याहून मोठे काही वाचले असेही आम्ही म्हणू. कारण ताशी चाळीसच्या वेगात ती नळी सुटली असती तर काय झाले असते, ते सांगायला नको.

हे ज्ञान कोणत्याही जाहिरातीत छापून येत नाही. ते कारखान्यात जन्म काढलेल्या माणसांच्या बोटांत असते. आपल्या घरांत असे फिटर, टर्नर, वेल्डर थोडे नाहीत. मुलांनी फ्रेम घेण्याआधी त्यांना विचारावे.

घरी करण्याच्या चार तपासण्या

पहिली, डोळ्यांची. हँडलच्या नळीच्या मागे, पायडलचा आस बसतो त्या जागी आणि मागच्या चाकाच्या सांध्यांवर रंगाला सुरकुती, फुगवटा किंवा आडवी रेघ आहे का ते उन्हात पाहावे. समोरून धडक बसलेल्या फ्रेमची खालची नळी हँडलजवळ किंचित फुगलेली असते. अशी फ्रेम फुकट मिळाली तरी घेऊ नये.

दुसरी, दोरीची. मागच्या चाकाच्या एका बाजूच्या खाचेतून दोरी निघावी, हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या बाजूच्या खाचेत यावी. दोरी ताणून सीटच्या उभ्या नळीपासून दोन्ही बाजूंचे अंतर मोजावे. ते सारखे नसेल तर फ्रेम वाकडी आहे.

तिसरी, गंजाची. पोलाद बाहेरून कमी आणि आतून जास्त गंजते. सीटच्या नळीतून पाणी उतरते आणि पायडलच्या आसापाशी साचते. सीट काढून बॅटरीच्या उजेडात आत पाहावे. आपल्या पावसाळ्यात तर फेरी झाल्यावर सीट काढून सायकल उलटी टांगावी, आतून तेलाचा हात द्यावा. सीटचा दांडा ॲल्युमिनियमचा असेल तर त्याला ग्रीस लावल्याशिवाय पोलादी नळीत घालू नये. दोन धातू एकमेकांना असे धरून बसतात की मग करवतीशिवाय सुटत नाहीत.

चौथी, जोडाची. पूर्वी कोठे वेल्डिंग करून घेतले आहे का ते विचारावे. पोलादाची मोठी सोय अशी की ते पुन्हा जोडता येते. आपल्या काळ्या सायकलची तुटलेली फ्रेम गॅसवाला पितळेची झाळ देऊन जोडतो आणि ती वर्षानुवर्षे चालते. पितळ ९०० अंशांच्या आसपास वितळते, पोलाद मात्र वितळत नाही. परंतु पातळ क्रोमोलीच्या नळीला खिडकीची ग्रिल जोडणाऱ्याकडे नेऊ नये. वीज-वेल्डिंगच्या जाड कांडीने तिला भोक पडते किंवा सांध्याशेजारचे पोलाद कडक होऊन ठिसूळ बनते. पातळ नळीचे काम जाणणारा कारागीरच गाठावा. तिरक्या नळीला हँडलजवळ चीर असेल, तर जोडण्यापेक्षा नळी बदलणे किंवा फ्रेम मोडीत काढणे शहाणपणाचे.

नाव डोंगराचे, सायकल रस्त्याची

बाजारात आज 'माउंटन बाइक' असे लिहिलेल्या स्वस्त सायकली पुष्कळ मिळतात. जाड टायर, पुढे स्प्रिंगचा चिमटा, भडक रंग. शाळा-कॉलेजला जायला त्या ठीक. पण त्यातल्या कित्येकींच्या माहितीपत्रकातच लिहिलेले असते की उड्या मारण्यासाठी किंवा खडतर वाटेसाठी ही सायकल नाही. ते पत्रक कोणी वाचत नाही.

अमेरिकेतील एएसटीएम या संस्थेने सायकलच्या वापराचे क्रमांक ठरवले आहेत, आणि चांगल्या कंपन्या तो क्रमांक फ्रेमवर किंवा पत्रकात देतात. क्रमांक १ म्हणजे पक्का रस्ता. २ म्हणजे खडीचा रस्ता आणि १५ सेंटिमीटरपर्यंतची उडी. ३ म्हणजे खडबडीत पायवाट आणि ६१ सेंटिमीटरपर्यंतची उडी. ४ म्हणजे १२२ सेंटिमीटरपर्यंत. ५ म्हणजे त्याहून मोठ्या उड्या आणि डोंगरउताराचा वेग. डाउनहिलची फ्रेम पाचव्या क्रमांकाची हवी. तिच्या पुढच्या चिमट्याला सुमारे २०० मिलिमीटरची दबण्याची जागा असते. साध्या फ्रेमला एवढा लांब चिमटा लावला तर हँडलच्या नळीवर भलताच जोर येतो आणि ती फाटते. सुटे भाग जमवून सायकल बांधणाऱ्या मुलांनी हे विसरू नये.

उतरताना

सायकल कितीही चांगली असली तरी उतरणे शिकावे लागते. उतारावर सीटवर बसायचे नसते. दोन्ही पायडल जमिनीला समांतर ठेवून उभे राहायचे, गुडघे आणि कोपर सैल, कंबर मागे आणि खाली. सर्वांत मोठी स्प्रिंग म्हणजे आपले पाय. नजर चाकापुढच्या दगडावर नको, दहा-पंधरा पावले पुढच्या वाटेवर हवी. थांबण्याचे खरे काम पुढचा ब्रेक करतो, पण तो एका बोटाने, हळूहळू दाबायचा. चाक जाम झाले की सायकल घसरते. वळणाच्या आधी वेग कमी करायचा, वळणात नव्हे. आधी वाट पायी चालून पाहायची. हनुवटीपर्यंत चेहरा झाकणारे हेल्मेट, गुडघ्या-कोपराची कवचे आणि हातमोजे यांचा खर्च फ्रेमच्या खर्चाआधी धरायचा. पैसे कमी पडत असतील तर फ्रेम जुनी घ्यावी, हेल्मेट मात्र नवेच घ्यावे. एकदा आपटलेले हेल्मेट बाहेरून धड दिसले तरी आतून निकामी झालेले असते.

आईबापांना आणि मुलांना

आईबापांना आमचे सांगणे एवढेच की मुलाने हा विषय काढला तर त्याला धुडकावून लावू नका. ज्या खेळाला आज लाखांच्या गोष्टी चिकटल्या आहेत, तो थोड्या डॉलरांच्या गंजक्या सायकलींवर सुरू झाला. तो सुरू करणारांनी आधी हब खोलून ग्रीस भरले, मोडलेला सांधा हातात धरून तो का मोडला ते पाहिले, आणि मग नवी फ्रेम बांधली. तुमच्या मुलालाही तोच क्रम लावा. आधी घरातल्या जुन्या सायकलचे ओव्हरहॉलिंग त्याला स्वतः करू द्या. हब उघडू द्या, छर्रे धुऊ द्या, चाकाचा आऊट काढू द्या. हात काळे झाल्यावर जी आवड टिकते ती खरी.

आणि मुलांना सांगणे असे की कर्जाच्या हप्त्यावर खेळाची सायकल घेऊ नका. पाचजणांनी मिळून एक पोलादी फ्रेम घ्या, अनुभवी कारागिराकडून पारखून घ्या, आळीपाळीने शिका. आपल्या गल्लीतल्या वेल्डरकाकांना आणि फिटरकाकांना मान देऊन विचारा. त्यांनी नाही म्हटले तर ऐका. लोखंड त्यांच्याशी कधी खोटे बोलत नाही.